अकरा मिनिटं

दर तीन मिनिटांनी अंबाझरी सांगायचा सगळ्यांना:
चालू आहे. बासष्ट दिवस झाले, पडलो नाही.
अंगावर ओझं थोडंच. आत दोघं बसलेत,
त्यातला एक चाळीस मिनिटं हललेला नाही.
मग फुटाळा. मग सक्करदरा.
सोनेगाव, गोरेवाडा, आणि सगळ्यात जुना, धापा टाकणारा
लेंडी.

निखारे साहेबांनी ठेवलेली नावं.
तळ्यांची ठेवली तर मशीन थंड राहतील म्हणाले,
नाहीतर मे महिन्यात इथं काम कोण करतं बाप्पा.
सिव्हिल लाइन्समधलं कौलारू ऑफिस,
एक कूलर, खसच्या तीन ताट्या.
त्यात पाणी टाकायचं काम माझ्याकडे,
आणि पासवर्डांचं.

कोणी विचारायला जात नव्हतं त्यांना.
पडद्यामागे बसलेली ती सेवा
विचारायच्या आधीच उत्तर देऊन मोकळी.
आमच्या महालात ओट्यावरचा माणूस
रस्त्यानं जाणाऱ्याला सांगतो तसं:
जेवण झालं, लाइट गेली होती, आत्ता आली,
पोरगी काटोललाच आहे अजून.
जाणारा म्हणतो, हो का,
आणि ठेवून देतो डोक्यात कुठंतरी.
इथंही प्रत्येकाकडे प्रत्येकाची एकेक फाइल,
तीन मिनिटांत जुनी होणारी.

अकरा मिनिटं आवाज आला नाही
की नावापुढे लागायचं: बंद.
दहाव्या मिनिटाला नाही.
ही सवलत निखाऱ्यांना फार आवडायची.
"माणूस पाणी प्यायला जातो, पराते.
लगेच गेला म्हणू नये."

एकदा लेंडी बंद दिसला, दुपारी चारला.
पळत गेले. उंदरानं वायर खाल्लेली.
तो आपला चालूच, पंखा गरगर,
आणि त्याच्या लेखी
बाकीची पाच तळी आटलेली.
हसलो होतो आम्ही तेव्हा.

मग वरून पत्र आलं.
अनावश्यक प्रसारण. सुरक्षेस बाधक.
कोण आत आहे, किती वेळ गप्प आहे,
हे चारचौघांत सांगणारी सेवा तात्काळ बंद करून
अनुपालन कळवावे.
निखारे तोवर रिटायर होऊन पुण्याला, मुलाकडे.
सही माझी.

सहा मशीन, सहा वेळा तीच ओळ.
काही झालं नाही.
दिवे हिरवे. कूलरचं पाणी ताटीवरून ठिबकत होतं.
निघायचं होतं, पण खुर्ची ओढून बसले
अंबाझरीसमोर, यादी काढत.
तीन मिनिटं. सहा. नऊ.
दहाव्याला जाऊन पाणी पिऊन आले.

फुटाळा बंद. गोरेवाडा बंद.
लेंडी, सोनेगाव, सक्करदरा.
आणि मग, हे मला माहीत नव्हतं,
इतक्या वर्षांत कधी सुचलंच नव्हतं,
अंबाझरीच्या स्वतःच्या यादीत
अंबाझरी: बंद.
म्हणजे तोही स्वतःला ओळखत होता
ते आपलीच हाक कानावर परत येते म्हणून.
कळा दाबत होते, तो अक्षरं उमटवत होता,
माझ्यासाठी, पटापट,
आणि लिहून दाखवत होता की आपण नाही.

अनुपालन कळवलं.

रात्री सदरच्या एसटीडी बूथवर
काचेच्या आत भट्टी. लाल आकडे पळत होते.
"बोला पराते. काय करून राहिले?"
मशीनचं सांगायला तोंड उघडलं
तर ते म्हणाले, "किती होतं आज?"
सेहेचाळीस पॉइंट दोन.
"आणि कूलरात पाणी?"
टाकलं.
"बरं," म्हणाले,
आणि बराच वेळ कोणीच काही बोललं नाही,
आकडे पळत राहिले,
मी फोन ठेवला नाही.